कंपवाताच्या तपासणीला जाण्यापूर्वी

कंपवात म्हणजे पार्किन्सन्स किती वाढला आहे, हे रक्ताच्या तपासणीत कळत नाही. डॉक्टर हालचाली पाहून ० ते ४ गुण देतात. २००८ साली सुधारलेल्या एमडीएस-यूपीडीआरएस या मोजपट्टीत नियम बारकाईने बांधले आहेत. विसावलेल्या हाताचा कंप १ सेंटिमीटरच्या आत असेल तर १ गुण, ३ ते १० सेंटिमीटर असेल तर ३. पण अंदाज शेवटी डोळ्यांचाच. एकाच हाताला दोन अनुभवी डॉक्टर वेगळे गुण देऊ शकतात. शिवाय दवाखान्यातल्या ताणाने कंप वाढतो, आणि गोळीचा अंमल असेल तर तोच माणूस ठणठणीत दिसतो. म्हणून तीन दिवसांची घरची नोंद सोबत न्या.

वहीत अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने आखा. प्रत्येकात एकच लिहा : झोप, 'ऑन' (गोळीचा अंमल चालू), 'ऑफ' (अंमल ओसरलेला), किंवा अंगाची नको असलेली वळवळ. गोळी आणि जेवण प्रत्यक्ष ज्या वेळी घेतलं ती वेळ टिपा, ठरलेली नव्हे. पेशंट आणि घरचं माणूस यांनी वेगवेगळ्या पानांवर लिहावं. ही वळवळ पुष्कळदा पेशंटच्या लक्षातच येत नाही, आणि आतला ताठरपणा घरच्यांना दिसत नाही. दोन्ही पानं जुळवून घेऊ नका; तफावत डॉक्टरांना दिसायलाच हवी.

मग मोबाइलवर चित्रण. सकाळच्या गोळीआधी एकदा, गोळीनंतर तासाभराने पुन्हा. खुर्ची, उजेड, अंतर तेच. हात मांडीवर सैल ठेवून १०० पासून उलटे आकडे म्हणायला सांगा, दबलेला कंप वर येतो. नंतर अंगठा आणि तर्जनी दहा वेळा, शक्य तितक्या मोठ्या फाकीने आणि वेगाने टेकवायची, एकेका हाताने. बोटांची फाक कितव्या वेळी आखडते, हात कुठे अडतो, यावरूनही गुण ठरतात. म्हणून मध्ये "अजून जोरात" म्हणू नका. शेवटी हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठणं, थोडं चालणं, वळणं. शेजारी आधाराला माणूस हवाच. मागून ओढून तोल पाहण्याची चाचणी घरी मुळीच करू नका. चित्रणासाठी गोळी लांबवूही नका.

घरच्यांनी गुण देऊ नयेत, दिसलं ते लिहावं. तपासणीत गुणांशेजारी शेवटच्या गोळीची वेळ नोंदवून घ्या. पुढच्या खेपेला गुण बदलले, तर औषध वाढवण्याआधी दोन्ही वेळची चित्रणं एकत्र पाहण्याची विनंती डॉक्टरांना जरूर करा.