बोटीवर चाललास, तर एवढं ऐकून जा

बाळा, तू आईला म्हणजे माझ्या वहिनीला, सूनबाईला आणि चिमणीला घेऊन मुंबई-गोवा क्रूझला निघालास हे ऐकून मला फार बरं वाटलं. आपण वसमतकडची माणसं. पाणी म्हटलं की आपल्याला सिद्धेश्वरचं धरण आठवतं, नाहीतर इसापूरचं, आणि प्रवास म्हटलं की एसटी. एक गाडी सुटली तर मागून दुसरी येतेच, या भरवशावर आपल्या पिढ्या गेल्या. समुद्रावर मागून येणारी एसटी नसते, एवढं एकच मला तुला सांगायचंय. खाली लिहिलेलं सगळं त्यातूनच आलंय. मी यांच्याबरोबर दोनदा बोटीनं गेले. पहिल्या खेपेला व्हायच्या त्या सगळ्या चुका झाल्या, म्हणून दुसरी खेप सुखाची झाली. तुझी पहिलीच सुखाची व्हावी.

१. बोट सुटायच्या आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामाला पोच — जनशताब्दी आता थेट हिंगोलीहून सुटते हे खरं, पण पहाटे निघून मुंबई गाठेपर्यंत दुपार कलते आणि बोटीवर चढायची वेळ संपत आलेली असते.

२. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘बोटीवर जायचंय’ म्हणू नको. ‘बॅलार्ड पियर, क्रूझ टर्मिनल’ असं नीट सांग आणि तिकिटावरचं गेट त्याला वाचून दाखव — नाहीतर तो भाऊच्या धक्क्यावर किंवा गेटवेला सोडून मोकळा होतो. सीएसएमटीहून हे ठिकाण अगदी जवळ आहे, पण चुकीच्या गेटावरून बॅगा ओढत आलं की जवळचंही लांब होतं.

३. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव आजच शेजारी शेजारी ठेवून बघ — आपल्याकडच्या बायकांचं नाव आधारावर एक, बँकेत दुसरं आणि घरात तिसरं असतं. वहिनीचंही तसंच आहे. मूळ कार्डच घे, झेरॉक्सवर विसंबू नको.

४. धपाटे आणि लोणच्याची बरणी घरीच राहू दे. इस्त्री, पाणी तापवायची किटली, वायरचा बोर्ड हेही नको — शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्या वर नेऊ देत नाहीत, आणि बाकीच्या वस्तू आगीच्या भीतीनं काढून घेतात. चारी बाजूंनी पाणी असलं तरी जहाजावरच्या माणसाला खरी धास्ती आगीचीच असते. काय चालतं, काय नाही याची यादी कंपनी देते. ती वहिनीला मोठ्यानं वाचून दाखव, म्हणजे ती डब्यात गुपचूप काही भरणार नाही.

५. मोठ्या बॅगा टर्मिनलवर आपल्या हातातून घेतात आणि खोलीशी आणून ठेवायला त्यांना कित्येक तास लागतात. म्हणून खांद्यावरच्या पिशवीत औषधं, चष्मा, कागदपत्रं, चार्जर आणि प्रत्येकाचा एक कपडा ठेव — सामान उशिरा, औषध उशाला. आमच्या पहिल्या खेपेला यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत राहिल्या. दुपारी घ्यायची गोळी रात्री साडेनवाला हाती लागली, आणि तोवर मी खोलीच्या दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येक हातगाडीकडं बघत होते. बॅगेच्या मुठीला पिवळ्या कापडाची चिंधी बांध, काळ्या बॅगांच्या ढिगात आपली लांबूनच कळते.

आता बोटीवर चढल्यावरचं. पहिले चार तास सगळ्यांत महत्त्वाचे, आणि नेमके तेव्हाच सगळे जेवणाच्या दालनाकडं धावतात.

६. सुरक्षेची कवायत चुकवू नको, आणि वहिनी दमली म्हणून तिला खोलीतही ठेवू नको — संकट आलं तर कोणत्या जागी जमायचं, हे पायांनी एकदा चालून बघितलेलं असावं लागतं. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे जमायची खूण, हे चिमणीला खेळासारखं शिकव. हे मी कळकळीनं सांगते. 17 जुलै 1947 ला, ऐन आषाढी अमावास्येला, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबईच्या इतक्या जवळ. पुढं 13 जानेवारी 2012 ला इटलीत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही भलीमोठी क्रूझ खडकावर आदळली, 32 जीव गेले. त्याच दिवशी बंदरातून चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण ती चोवीस तासांत घेतली तरी चालेल असा तेव्हा नियम होता. त्यानंतर नियम बदलला. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर कवायत घ्यावीच लागते. तुझी ती वीस-पंचवीस मिनिटं दुसऱ्यांच्या जिवावर मिळालेली आहेत रे.

७. खोलीपासून जिन्यापर्यंत किती दारं आहेत ती मोजून ठेव — बोटीवरचे सगळे बोळ एकसारखे दिसतात, आणि लिफ्ट संकटात वापरायची नसते.

८. बाल्कनीचं किंवा डेकचं दार उघडताना चिमणीचा हात आपल्या हातात धर — समुद्राचा वारा दार एका झटक्यात ओढतो. दार वाऱ्याचं, बोटं आपली. कठड्याजवळ खुर्ची ओढून तिला त्यावर उभं करायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच नाही.

९. बोट लागते, तशी ती सूनबाईला लागेल. तिला बसही लागते. कानातला तोल सांगतो ‘हलतंय’, खोलीच्या भिंती बघून डोळे म्हणतात ‘स्थिर आहे’, आणि या भांडणात पोट मार खातं — म्हणून मळमळलं की खोलीत पडून न राहता डेकवर यायचं आणि लांबच्या क्षितिजावर नजर ठेवायची, म्हणजे डोळे आणि कान एकच गोष्ट सांगू लागतात. रिकाम्या पोटी राहू नये आणि तुडुंबही जेवू नये. आलेपाक जवळ असू दे. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना आधी विचारून, बोट हलण्याआधी घ्यायची; उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. खोली अजून निवडायची असेल तर खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली घे. लांब फळीची टोकं जेवढी वरखाली होतात, तेवढा तिचा मध्य होत नाही.

१०. किनारा दिसेनासा व्हायच्या आत फोन विमान मोडवर टाक — खोल समुद्रात फोन जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि घरी आल्यावर बिल बघून धसका बसतो. तुझ्या बाबाला आधीच सांगून ठेव, नाहीतर फोन लागला नाही की तो रात्रभर अंगणात येरझारा घालेल.

११. जेवायच्या आधी हात साबणानं धुवायचे, नुसत्या सॅनिटायझरवर भागवायचं नाही — बोटीवर पसरणाऱ्या जुलाब-उलटीच्या विषाणूला ते पुरेसं पडत नाही. आणि ताट पहिल्या फेरीत भरू नको, पदार्थ रात्रीपर्यंत मांडलेलेच असतात. पंगत पळत नाही, पोट पळतं.

१२. पहिल्या पहाटे वहिनीला उठवून डेकवर ने — गर्दी नसते, वारा गार असतो, आणि तिला जे बघायचंय ते तेव्हाच दिसतं. सासूबाईंना मी नेलं होतं. पदर कमरेला खोचून त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं आणि हळूच विचारलं, “काठ कुठं गेला गं?” मग खुर्चीत बसल्या त्या चहा गार झाला तरी उठल्या नाहीत.

आता बंदर. गोव्याला बोट लागते ती मुरगावला, वास्को गावापाशी. पणजी तिथून तीसेक किलोमीटर आहे आणि कळंगुट त्याच्याही पुढं, हे मनात पक्कं धर.

१३. दिवसाला दोनच ठिकाणं ठरव — झुआरीवर नवा पूल झाला तरी संध्याकाळच्या रस्त्याचा भरवसा नाही. मंगेशी आणि जुनं गोवं केलंस तर वहिनी खूश. चिमणीसाठी जवळच राहायचं असेल तर बोगमाळोचा किनारा आणि तिथलं नौदलाचं विमानांचं संग्रहालय पुरे.

१४. बोट सुटायची वेळ वेगळी आणि सगळ्यांनी परत चढायची वेळ वेगळी. दुसरी लक्षात ठेव, आणि तिच्याही तासभर आधी बंदराच्या गेटाशी ये — कंपनीच्या सहलीची बस अडकली तर बोट सहसा थांबते, तू स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. आम्ही पणजीत काजू घेत बसलो आणि शिडी काढायला पाच मिनिटं राहिली असताना पोचलो. यांच्या गुडघ्यांना धावणं झेपेना, सासूबाईंच्या हातातली पिशवी फाटून काजू धक्क्यावर सांडले, आणि ते उचलायलाही थांबता आलं नाही. रेल्वे सुटली तर फलाट उरतो, बोट सुटली तर नुसता वारा.

१५. उतरताना बोटीचं कार्ड आणि ओळखपत्र प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात हवं — बंदराच्या गेटावर दोन्ही विचारतात, आणि एकाकडं सगळ्यांची कार्डं असली की नेमका तोच मागं राहतो.

१६. रोज खोलीत वेळापत्रकाचा कागद येतो, त्याचा फोटो काढून घे — त्यावर परतायची वेळ असते, आणि त्या बंदरातल्या कंपनीच्या प्रतिनिधीचा नंबर असला तर तोही हाताशी राहतो. एका चिठ्ठीवर लिहून ती वहिनीच्या बटव्यातही ठेव, तिचा फोन दुपारीच बंद पडलेला असतो.

१७. टॅक्सीचं भाडं बसायच्या आधी ठरव, आणि जाऊन-येऊन, थांबण्यासकट ठरव — परतीच्या वेळी घाई आपल्याला असते, त्याला नसते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मला फोन कर. खांद्यावरची पिशवी समोर उघडून बस आणि आत काय काय आहे ते एकेक करून मला वाचून दाखव. वहिनीच्या गोळ्यांपासून सुरुवात कर.