मन पुन्हा २४ वर

आजचे वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २६



आजच्या श्लोकाचा भावार्थ असा: चंचल मन जिकडे जिकडे धावेल, तिकडून त्याला आवरून पुन्हा आत्म्यापाशी आणावे.

हे वाचताना मला आमचा एसी आठवला. हसू नका! १ जानेवारी २०२० पासून भारतात स्टार लेबलच्या रूम एसींना २४ अंश हे डिफॉल्ट सेटिंग ठेवण्याचा नियम आहे. १८ करायला बंदी नाही. पण एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगते. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो, बहुतेक लोक डिफॉल्टला हात लावत नाहीत. म्हणून सुरुवातच योग्य जागेवरून करून दिली आहे.

मी मात्र हात लावायचो. ऑफिसातून आलो की थेट १८, म्हणजे लवकर गार होईल! खरं तर इन्व्हर्टर नसलेल्या साध्या एसीचा कंप्रेसर १८ लावा की २४, त्याच जोराने चालतो. १८ वर फक्त जास्त वेळ चालत राहतो. इंजिनिअर असून हे ठाऊक नव्हतं असं नाही. मन ऐकत नव्हतं.

गेल्या मे महिन्यात आई आली होती. एसीची खोली एकच, म्हणून सगळे तिथेच झोपायचो. एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर आई हॉलमध्ये सोफ्यावर, शाल गुंडाळून.

"अगं आई, इथे का?"

"तुला उकडतं ना रे. मला काय, कुठंही झोप लागते."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

यंत्र चांगली सुरुवात करून देतं, पण रिमोट आपल्याच हातात राहतो. मन धावणारच नाही, असं भगवंत म्हणत नाहीत. ते धावेल हे धरूनच परत आणायला सांगतात. पुढे ३५व्या श्लोकात उपायही देतात: अभ्यास आणि वैराग्य. माझं बोट अजूनही कधी कधी २० वर जातं. मग आईची शाल आठवते, आणि परत २४ करतो.

आजचा अभ्यास: माझ्या कोणत्या सवयीमुळे घरातलं कुणीतरी न बोलता सोसतंय? आज त्यांना एकदा विचारूया.

हे प्रभो, धावणारं मन परत आणायची आठवण रोज दे.