संगणक कक्षातील आभासी संगणक : वापर आणि काळजी

माती परीक्षणाचे अहवाल, गटवार पीकनोंदी, दूध संस्थेचे हिशेब आता संगणकात ठेवले जातात. ही कामे शिकण्यासाठी आपण किंवा आपली मुले प्रशिक्षणाला जाता, तेव्हा काही ठिकाणी थेट संगणकावर काम न देता 'आभासी संगणक', म्हणजे व्हर्च्युअल मशीन दिले जाते. त्याची पद्धत माहीत नसेल तर दिवसभर भरलेल्या नोंदी क्षणात पुसल्या जातात. म्हणून पुढील माहिती उपयोगी पडेल.

आभासी संगणक म्हणजे काय?

मोठ्या वावरात बांध घालून प्रयोगासाठी वेगळा वाफा पाडावा, तसा हा प्रकार आहे. खऱ्या संगणकाची स्मृती, साठवणीची जागा व प्रोसेसर यांचा वाटा घेऊन त्याच्या आत दुसरा संगणक चालतो. वाफ्यातला प्रयोग फसला तरी बाकीचे पीक शाबूत राहते. तसेच येथे चूक झाली तरी सहसा मूळ संगणक बिघडत नाही. ही कल्पना जुनीच आहे. आयबीएम कंपनीने १९७२ मध्ये मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली आणली. व्हर्च्युअलबॉक्स २००७ पासून मिळू लागले आणि आज ते शिक्षणासाठी मोफत वापरता येते.

कामाची पद्धत

१) व्हर्च्युअलबॉक्स उघडून यादीतील आपल्याला नेमून दिलेले नाव निवडावे व 'स्टार्ट' दाबावे.

२) माऊस खिडकीत अडकल्यास कळफलकावरील उजवीकडील कंट्रोल कळ दाबावी. तो मोकळा होतो.

३) स्मृतीचा वाटा बेताने द्यावा. विहिरीचे पाणी तेवढेच असते, वाफे वाढवले की प्रत्येकाचे पाणी कमी होते. ८ जीबी स्मृतीच्या संगणकात ४ जीबीपेक्षा जास्त देऊ नये.

४) नवीन प्रयोगापूर्वी 'स्नॅपशॉट' घ्यावा. बिघाड झाल्यास त्याच स्थितीवर परत जाता येते.

५) काम संपल्यावर आतील संगणक रीतसर बंद करावा. एकदम 'पॉवर ऑफ' करू नये.

सर्वांत महत्त्वाची काळजी

पुढच्या तुकडीसाठी आभासी संगणक बहुधा जुन्या स्नॅपशॉटवर परत नेला जातो. त्या वेळी नंतर भरलेले सर्व काही जाते. म्हणून आपली फाईल आभासी संगणकात न ठेवता रोज सामाईक फोल्डरमध्ये किंवा पेनड्राईव्हवर उतरवावी व ती उघडते का, हे कक्ष सोडण्यापूर्वी पाहावे.

जुन्या हिशेबांसाठी उपयोग

काही संस्थांचे जुने हिशेब विंडोज एक्सपीवरच उघडतात. या प्रणालीला कंपनीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. जुना संगणक बंद पडण्यापूर्वी मूळ फाईलींची प्रत काढावी. मग परवाना असलेली एक्सपी आभासी संगणकात बसवून त्यात हिशेब उघडावेत. मात्र त्याची इंटरनेट जोडणी बंद ठेवावी. हिशेब जुळल्याची खात्री होईपर्यंत जुना संगणक मोडीत काढू नये.