शाळेतील रिसीव्हर व स्पीकर यांची जोडणी

ध्वनिमुद्रित कविता व गोष्टी मुलांस ऐकविण्यासाठी शाळेत रिसीव्हर व दोन स्पीकर असले, तरी शेवटच्या रांगेतील मुलास शब्द स्पष्ट ऐकू येत नसतील, तर ते साधन असून नसल्यासारखेच होय. पुष्कळदा हा दोष यंत्राचा नसून तारांच्या जोडणीचा असतो. आणि ती जोडणी कोणाही शिक्षकास स्वतः तपासता येते.

प्रथम रिसीव्हरचा प्लग काढून ठेवावा. तारेचे टोक सुमारे 1 सेंटिमीटर सोलून आतील सर्व बारीक तंतू एकत्र पिळावेत. एकही सुटा तंतू शेजारच्या अग्रास टेकू देऊ नये. तसे झाल्यास शॉर्ट सर्किट होऊन यंत्र निकामी होण्याचा संभव असतो.

यानंतर धन व ऋण अग्रांकडे लक्ष द्यावे. रिसीव्हरचे लाल अग्र स्पीकरच्या लाल अग्रास व काळे काळ्यास जोडावे. एकाच स्पीकरच्या तारा उलट लागल्या, तर एकाचा पडदा पुढे सरतो त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे जातो. त्यामुळे हवेतील कंपने, विशेषतः खालच्या स्वरांची, परस्परांस मारक ठरतात व आवाज पोकळ वाटतो. खुणा पुसल्या असल्यास स्पीकर रिसीव्हरपासून सोडवून त्यास 1.5 व्होल्टचा सेल क्षणमात्र लावावा. पडदा बाहेर सरला, तर सेलच्या धनाग्रास लागलेले अग्र धन समजावे.

तिसरी गोष्ट रोधाची. रिसीव्हरच्या मागे किमान किती ओहमचे स्पीकर चालतात हे लिहिलेले असते. 8 ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडीच्या अग्रांस समांतर लावल्यास एकूण रोध 4 ओहम होतो; एकसरीत लावल्यास 16. किमान 8 ओहमच्या यंत्रास समांतर जोडणी केल्यास विद्युत्प्रवाह दुप्पट होऊन ते तापते. म्हणून डाव्या व उजव्या अग्रांस एकेक स्पीकर लावणे इष्ट.

तारही अगदी बारीक नसावी. स्पीकर 10 मीटर दूर असल्यास जाणारी व येणारी मिळून तार 20 मीटर होते. तांब्याची 1 चौरस मिलिमीटर जाडीची तार घेतल्यास तिचा रोध सुमारे 0.34 ओहम भरतो; अर्ध्या जाडीच्या तारेचा त्याच्या दुप्पट.

इयत्ता सातवी-आठवीच्या वर्गात याचाच प्रयोग करावा. दोन्ही स्पीकरांपासून समान अंतरावर काही मुलांस उभे करून एक उतारा ऐकवावा. मग यंत्र बंद करून शिक्षकाने एका स्पीकरच्या तारा उलट लावाव्यात व तोच उतारा पुन्हा ऐकवावा. फरक मुलांनीच सांगावा, वहीत लिहावा; नंतर जोडणी पूर्ववत् करावी. शेवटी सर्वांत मागे बसणाऱ्या मुलाकडून उताऱ्यातील एक वाक्य म्हणवून घ्यावे. त्यास ते बिनचूक म्हणता आले, म्हणजे जोडणी साधली असे समजावे.