संध्याकाळची वाइन फुकट, मग रात्रीचं जेवण का नाही?

प्रश्न : गेल्या सप्टेंबरात लेक-जावयाने आम्हां दोघांना कॅलिफोर्नियातल्या नापा व्हॅलीत, सेंट हेलिना गावात दोन रात्री मुक्कामाला नेलं. जुनं लाकडी घर, मोजक्याच खोल्या, सकाळी अगदी राजेशाही नाश्ता. संध्याकाळी दिवाणखान्यात चीज, बिस्किटं आणि वाइन मांडलेली, त्याचे पैसे नाहीत. रात्री मात्र ह्यांना बाहेर जायचा कंटाळा आला, म्हणून थोडा पास्ता करून द्याल का, असं विचारलं, तर घरमालकीणबाईंनी हात जोडल्यासारखं करून नाही म्हटलं. जावई हातातला ग्लास घेऊन रस्त्यापलीकडच्या बाकावर बसायला निघाला, तर त्यालाही अडवलं. भाडं म्हणाल तर पंचतारांकित हॉटेलाच्या तोडीचं. वाइन फुकट देणाऱ्यांना मूठभर पास्ता जड का व्हावा?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : त्या बाईंवर रुसू नका. तुम्हाला मिळालेला नाश्ता, ती वाइन आणि तो नकार, तिन्ही गोष्टी कायद्याने ठरवलेल्या आहेत.

तिथे अशा घराला ‘बेड अँड ब्रेकफास्ट इन’ म्हणतात आणि ते चालवणाऱ्याला इनकीपर. कॅलिफोर्नियाच्या अन्नसुरक्षा कायद्यात या घरांचा वेगळा वर्ग केला आहे. खोल्या २० किंवा त्याहून कमी हव्यात. खाणं फक्त मुक्कामाच्या पाहुण्यांनाच द्यायचं. सकाळचा नाश्ता आणि इतर वेळी हलकं, किरकोळ खाणं, एवढीच मुभा. शिवाय खाण्याची किंमत खोलीच्या भाड्यातच धरलेली असली पाहिजे. या मर्यादा पाळल्या, की रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघराला लागू असलेल्या खर्चिक अटींपैकी बऱ्याच अटींतून सूट मिळते. म्हणूनच शंभर-सव्वाशे वर्षांच्या घरातलं घरगुती स्वयंपाकघर पाहुण्यांसाठी वापरता येतं. मालकीणबाईंनी तुम्हाला रीतसर रात्रीचं जेवण करून वाढलं असतं, तर त्यांचं घर त्या वर्गातून बाहेर पडलं असतं. चीज आणि बिस्किटं चालतात, कारण ती किरकोळ खाण्यात मोडतात.

आता वाइन. राज्याचं दारू-नियंत्रण खातं अशा घरांना ‘प्रकार ६७’ नावाचा खास परवाना देतं. परवान्याच्या अटी वाचल्या, की तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू उलगडते. वाइन फक्त मुक्कामी पाहुण्यांना द्यायची. घरात बिअर किंवा कडक दारू ठेवायची नाही. वाइन घराच्या आवाराबाहेर जाऊ द्यायची नाही; जावयांना अडवलं ते या अटीमुळे. आणि सगळ्यांत गमतीची अट अशी, की वाइन फुकट देताच येत नाही. तिची किंमत खोलीच्या भाड्यात धरलेलीच असली पाहिजे. म्हणजे तुम्ही ज्या वाइनला फुकट समजलात, तिचे पैसे तुम्ही न पिताही भरलेले आहेत. (बिअर आणि कडक दारूसाठी वेगळा परवाना असतो, तो घेतलेली घरंही आहेत.)

भाडं इतकं का, हा प्रश्न तुम्ही ओघात विचारलात, पण खरा मोठा प्रश्न तोच आहे. त्याचं उत्तर १९६८ सालात सापडतं. नापाची दरी सुमारे ४८ किलोमीटर लांब आणि जेमतेम काही किलोमीटर रुंद. पश्चिमेला मायाकामास आणि पूर्वेला वाका या डोंगररांगा. सॅन फ्रान्सिस्को तिथून गाडीने दीड तासावर. साठच्या दशकात शहरं चहूकडे पसरत होती आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडच्या सांता क्लारा खोऱ्यातल्या जर्दाळू-आलुबुखारांच्या बागा डोळ्यांदेखत घरांखाली जात होत्या. आज त्यालाच आपण सिलिकॉन व्हॅली म्हणतो. नापाच्या लोकांनी हे पाहिलं, आणि १९६८ मध्ये तिथल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कारभाऱ्यांनी दरीतली जमीन शेतीसाठी राखीव केली. २० एकरांहून लहान तुकडे पाडायला बंदी झाली. पुढे ही मर्यादा ४० एकर झाली. मोठे जमीनमालक खवळले, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण निर्णय टिकला. १९९० मध्ये मतदारांनीच ठरवलं, की राखीव शेतजमिनीचा वापर बदलायचा असेल, तर तो लोकांच्या मतदानानेच बदलेल. २००८ मध्ये या नियमाची मुदत २०५८ पर्यंत वाढवली गेली.

त्यामुळे बागांच्या मधोमध हॉटेलांच्या रांगा उठल्या नाहीत. गावांच्या हद्दीबाहेरच्या घरांतल्या खोल्या महिन्याहून कमी मुदतीसाठी भाड्याने द्यायलाही काउंटीत बंदी आहे. राहण्याची सोय मुख्यतः नापा, यॉन्टविल, सेंट हेलिना, कॅलिस्टोगा अशा गावांत एकवटली. तिथे एकोणिसाव्या शतकातली घरं होती. १८६१ मध्ये चार्ल्स क्रुग यांनी आणि १८७६ मध्ये बेरिंजर बंधूंनी वाइनरी काढल्या, त्या भरभराटीच्या काळात व्यापारी, बँकवाले, बोटवाले यांनी कोरीव लाकडाची घरं बांधली. पुढे दारूबंदी आली, १९२० ते १९३३. उद्योग बसला, घरं उरली. १९७६ मध्ये पॅरिसमधल्या डोळे झाकून घेतलेल्या चाखणीत नापाच्या शातो मोंतेलेनाची पांढरी आणि स्टॅग्ज लीपची तांबडी वाइन फ्रेंच वाइनांना मागे टाकून पहिली आली, आणि जगभरातून माणसं दरीकडे वळली. त्यांना उतरवून घ्यायला ही जुनी घरं होतीच.

पाहुणे वाढले, खोल्या मात्र मोजक्याच राहिल्या. त्यात भाड्यावर निवासकर आणि वर पर्यटनाचा अधिभार. शनिवार-रविवारी बहुतेक ठिकाणी किमान दोन रात्रींची सक्ती असते, कारण सात-आठ खोल्यांच्या घरात एका रात्रीचं गिऱ्हाईक आलं, की शेजारची रात्र रिकामी जाते. तरीही खिडकीतून तुम्हाला जी वेलींची रांग दिसली, ती या निर्बंधांमुळेच शिल्लक आहे. हे भाडं मला म्हणून लुटीचं वाटत नाही. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या वाटेवर, मखमलाबादला, पिंपळगावकडे द्राक्षबागांच्या जागी प्लॉट पडताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना नापाच्या लोकांनी काय सांभाळलं ते लगेच कळेल. आपल्या नाशिकच्या वाइनचं या भागाशी नातंही आहे. ‘सुला’ वाइनरी सुरू करणारे राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, कॅलिफोर्नियात नोकरी करून परत आले, आणि त्यांना वाइनचं तंत्र दाखवणारे केरी डॅम्स्की नापाच्या शेजारच्या सोनोमाचे. तिथून बरंच काही आलं. जमिनीबद्दलचा हा कायदाही यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुम्ही दोघं वाइन घेत नाही, असं पत्रात पुढे लिहिलं आहे. त्याने तिथल्या मुक्कामात काही उणं राहत नाही. अशा घरात पैसे मोजायचे ते माणसांसाठी. सकाळी एकाच लांब टेबलावर अनोळखी चार जोडपी बसतात, कोण कुठल्या वाइनरीत गेलं, कुठे गर्दी, कुठे सावली, हे सगळं तिथे कळतं. इनकीपर बहुधा त्याच घरात किंवा मागच्या कॉटेजमध्ये राहतात आणि बागायतदारांना नावानिशी ओळखतात. १९९० नंतर परवाना मिळालेल्या वाइनरींत आधी वेळ ठरवल्याशिवाय चाखणी देत नाहीत, तिथे या ओळखीचा मोठा उपयोग होतो. हॉटेलात एकांत छान मिळतो. ज्यांना तोच हवा, त्यांनी खुशाल हॉटेलात उतरावं.

प्रश्न : आमची निफाडला द्राक्षबाग आहे. पुतणीकडे अमेरिकेला जाणार आहोत. नापाच्या बागा पाहायला कोणता महिना धरावा?
— एक बागायतदार, निफाड

उत्तर : तुमचा हंगाम उलटा करून पाहा. तुमच्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, आणि माल जानेवारी ते मार्च. नापात थंडीत वेल पानं गाळून झोपतो, म्हणून छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. मार्चच्या सुमाराला डोळे फुटतात आणि काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबर. काढणीला तिथे ‘क्रश’ म्हणतात. फळ थंड राहावं म्हणून बरीच तोडणी रात्री दिव्यांच्या उजेडात चालते. खोल्या तेव्हाच सर्वांत महाग असतात. खर्च वाचवायचा असेल, तर फेब्रुवारी गाठा. वेल उघडे असतात, पण ओळींमध्ये पिवळी मोहरी फुललेली असते, आणि बागायतदाराच्या नजरेला छाटणी, तारा, खोडाची बांधणी तेव्हाच नीट दिसते. मांडव शोधू नका, वाइनची द्राक्षं तिथे उभ्या तारांवर चढवतात. उन्हाळ्यातही शाल बरोबर ठेवा. सॅन पाब्लो उपसागरावरून धुकं येतं आणि दुपारी तापलेली दरी रात्री गारठते. द्राक्षातला आंबटपणा त्या गारव्यावरच टिकतो.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडंही खात नाही. अशा ठिकाणी नाश्त्याची पंचाईत होईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी कळवलंत तर होणार नाही. तिथे शाकाहारी म्हटलं, की अंडं चालतं असंच धरतात, आणि नाश्त्याचे बरेच पदार्थ अंड्यावरच उभे असतात: फ्रिटाटा, कीश, सुफ्ले, फ्रेंच टोस्ट. केक-मफिनमध्येही अंडं असतं. म्हणून फक्त शाकाहारी असं न लिहिता, ‘अंडं, मासे, मांस काहीच नको, दूध, लोणी, चीज चालेल’ असं खोली ठरवतानाच लिहून पाठवा आणि पोचण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा आठवण करा. बहुतेक इनकीपर पथ्यपाणी आपणहून विचारतात आणि मनापासून पाळतात. सकाळी टेबलावर बसून सांगितलंत, तर ओव्हनमधली डिश त्यांना बदलता येणार नाही. नाश्त्याची वेळही चुकवू नका, कारण अशा घरात सगळ्या पाहुण्यांचं पान एकाच वेळी वाढतात.