ढोलाचा ठेका आणि गीताचे शब्द



अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावच्या होळीला रात्रभर ढोल घुमतो. उघड्या रानात नाचणाऱ्यांपर्यंत ठेका पोचावा लागतो. तेथे जोर हवाच. चर्चमध्ये मात्र भिंती व छत आवाज परत फेकतात आणि गीताचे शब्द बुडतात. ज्यांना पुस्तक वाचता येत नाही ते ऐकूनच गातात. शब्द बुडाले की तेच आधी गप्प होतात.

1967 साली रोमहून निघालेल्या ‘मुसिकाम साक्राम’ या सूचनापत्रात हेच सांगितले आहे: वाद्यांनी गायनाला आधार द्यावा, शब्द झाकू नयेत. पण त्यासाठी वाजवणाऱ्या मुलाला दटावून ढोल बंद करू नये. त्याला पुढील गोष्टी शिकवाव्यात.

1. हाताची उंची. आवाज मुख्यतः काठी किती वेगाने आदळते यावर ठरतो. जाड काठी चार बोटे उचलून मारली, तर वीतभर उचललेल्या बारीक काठीपेक्षा हळू वाजते. मूठ सैल ठेवावी. काठी आपोआप उसळू द्यावी. आवळून धरल्यास आवाज कर्कश येतो.

2. काठीची जाडी. ड्रमच्या स्टिकवर 7ए, 5ए, 5बी, 2बी असे लिहिलेले असते. 7ए सुमारे साडेतेरा मिलिमीटर जाड, 5ए साडेचौदा, 5बी पंधरा, तर 2बी सोळा. कंपनीनुसार थोडा फरक पडतो. चर्चसाठी 7ए पुरे. मेपलची स्टिक हिकरीपेक्षा हलकी असते. बारीक काड्यांची जुडी बांधलेली स्टिकही मिळते. तिचा आवाज आणखी मऊ असतो. ढोलाचे टिपरूही याच न्यायाने हलके निवडावे.

3. मारण्याची जागा. पानाच्या मध्यावर आवाज भरीव व मोठा येतो, कडेजवळ हलका.

सरावाच्या वेळी एका व्यक्तीला शेवटच्या बाकावर बसवावे. प्रवेशगीताला वीतभर आणि प्रतिसाद स्तोत्राला चार बोटे, एवढीच काठी उचलावी. एखादा शब्द कळला नाही, तर त्या व्यक्तीने हात वर करावा. वादकाने गाणे थांबवू नये, काठी खाली आणावी. काठी बदलायची की नाही, हे त्यानंतर ठरवावे. पुष्कळदा नवी काठी विकत घ्यावीच लागत नाही.