मेलबर्नला सामान धाडताना

प्रश्न : आम्ही सहकुटुंब मेलबर्नला राहायला जातोय. घरचं सामान जहाजाने पाठवायचंय. कस्टम्ससाठी काय तयारी करावी?

उत्तर : 'बी५३४' फॉर्म, पासपोर्टची प्रत आणि खोकेनिहाय यादी लागेल. ऑस्ट्रेलियाबाहेर किमान 12 महिने तुमच्या मालकीच्या आणि वापरातल्या वस्तूंवर सहसा ड्युटी लागत नाही. नव्या मिक्सरचं बिल मात्र जपून ठेवा. यादीत 'किचनचं सामान' असं मोघम नको. 'स्टीलचे डबे, लाकडी पोळपाट' असं लिहा. खरी कटकट जैवसुरक्षा तपासणीची. केरसुणी, देव्हाऱ्यातली वाळकी फुलं, बुटांच्या तळाची माती सापडली की पुढचा खर्च तुमच्या माथी. घरचं लोणचं तर ठेवूच नका, आजी कितीही रुसली तरी! आणि पॅकर्सनी पुढे केलेल्या कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. चुकीच्या माहितीचा जाब तुम्हालाच विचारतील.